डोंगर, खाडी आणि वस्ती : रायगड जिल्ह्यातील आपत्ती-जोखमीचे मूल्यमापन

एखाद्या प्रदेशात कोणती नैसर्गिक संकटे येऊ शकतात, ती किती वेळा व किती तीव्रतेने येतात आणि आली तर कोणाचे व किती नुकसान होईल, याचा संकट येण्याआधीच पद्धतशीरपणे बांधलेला अंदाज म्हणजे आपत्ती-जोखमीचे मूल्यमापन होय. भारतात या कामासाठी जिल्हा हे एकक स्वाभाविक ठरते, कारण महसूल, पोलीस, आरोग्य, पाटबंधारे, बांधकाम आणि कृषी या सर्व यंत्रणा जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र येतात आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही नियोजनाची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर सोपवली आहे. मात्र दरड जिल्ह्यावर कोसळत नाही, ती एका वाडीवर कोसळते. पूर एका नदीच्या काठाला येतो आणि वादळ किनाऱ्याच्या एका पट्ट्याला झोडपते. निर्णय जिल्ह्याच्या पातळीवर आणि आघात वाडीच्या पातळीवर, या दोहोंमधले अंतर भरून काढण्यावरच कोणत्याही मूल्यमापनाचा उपयोग अवलंबून असतो. कोकणातील रायगड जिल्ह्याने गेल्या दोन दशकांत पूर, दरडी आणि चक्रीवादळ हे सारे अनुभवले असल्यामुळे, असे मूल्यमापन कसे करावे आणि ते कोठे अपुरे पडते, हे समजून घेण्यासाठी त्याच्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

धोका आणि जोखीम

या शास्त्रात धोका आणि जोखीम हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात. धोका म्हणजे मूळ नैसर्गिक घटना : अतिवृष्टी, नदीचा पूर, दरड, वादळ, भूकंप. निर्मनुष्य जंगलात कडा कोसळला, तर धोका प्रत्यक्षात आला असे म्हणता येईल, पण आपत्ती घडली असे म्हणता येणार नाही. धोक्याच्या टप्प्यात माणसे, घरे, गुरे, शेते, रस्ते आणि कारखाने येतात तेव्हाच हानीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून टप्प्यात काय आणि किती आहे, हा मूल्यमापनाचा दुसरा घटक होतो. तिसरा घटक असुरक्षितता, म्हणजे टप्प्यात आलेल्यांची आघात सोसू न शकण्याची अवस्था. एकाच पुरात काँक्रीटच्या इमारतीचा दुसरा मजला आणि नदीकाठची कुडाची झोपडी यांची गत सारखी होत नाही. सूचना मिळणे, बाहेर पडण्याचा रस्ता असणे, निवाऱ्याची जागा आणि प्रशिक्षित माणसे जवळ असणे ही क्षमता झाली, आणि ती असुरक्षितता काही प्रमाणात भरून काढते. धोका, टप्पा, असुरक्षितता आणि क्षमता यांच्या एकत्रित परिणामातून जी संभाव्य हानी निघते, तिला जोखीम म्हणतात. पाऊस कमी करणे किंवा डोंगर हलवणे माणसाच्या हाती नसले, तरी उरलेले तीनही घटक बदलणे त्याच्या हाती असते, आणि मूल्यमापनाचे सारे कष्ट याच बदलासाठी घ्यायचे असतात.

भूमी आणि पाऊस

रायगड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,१५० चौरस किलोमीटर असून त्यात पंधरा तालुके आहेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २६ लाखांहून अधिक आहे. पश्चिमेस अरबी समुद्र व मुंबईची खाडी आणि पूर्वेस सह्याद्रीचा कडा यांच्यामधली जागा इतकी अरुंद आहे, की घाटमाथ्यावर पडलेले पाणी काही तासांतच खाडीपर्यंत येऊन पोहोचते. उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या इथल्या प्रमुख नद्या. सावित्री सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी उगम पावते आणि अवघ्या शंभरेक किलोमीटरच्या प्रवासानंतर बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या उताराचा फार मोठा भाग पोलादपूरच्या आधीच संपतो, त्यामुळे तेथून पुढे प्रचंड वेगाने आलेले पाणी सपाट खोऱ्यात पसरते.

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात व थंड होऊन पाऊस देतात, म्हणून जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाटाजवळ तो याहून बराच वाढतो. जोखमीच्या दृष्टीने मात्र वर्षाच्या बेरजेपेक्षा चोवीस तासांतल्या, किंबहुना तीन-चार तासांतल्या पावसाला अधिक महत्त्व आहे. राज्याचे महसूल खाते नुकसानभरपाईच्या प्रयोजनासाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पावसाला अतिवृष्टी मानते. कोकणातल्या जुलै महिन्यात इतका पाऊस ही नित्याची गोष्ट असल्याने धोक्याचा इशारा म्हणून हा आकडा तेथे निरुपयोगी ठरतो. याउलट २२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच काळात सावित्रीच्या खोऱ्यात महाड शहर पाण्याखाली गेले. म्हणून प्रत्येक खोऱ्यासाठी, तेथील माती व उतार पाहून, धोक्याच्या पावसाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरवावी लागते. अलीकडे महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिल्याने त्यासाठी आधार मिळू लागला आहे; तथापि एकाच मंडळात डोंगरमाथा आणि पायथा यांच्या पावसात मोठी तफावत असू शकते आणि मापक बहुधा पायथ्याशी असतो, याचे भान नोंदी वाचताना ठेवावे लागते.

पूर : शक्यतेचे गणित

मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणजे झालेल्या घटनांची नोंद. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्यात हाहाकार उडवला. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून राज्य परिवहन मंडळाच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. अशी यादी तारखा व बळींच्या आकड्यांवर थांबली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. पाणी कोणत्या भिंतीवर कोठवर चढले, किती तासांत चढले, किती वेळ थांबले आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, या तपशिलांमुळे तिला मोल येते. जुन्या इमारतींवरील पाण्याच्या खुणा आणि वृद्धांच्या आठवणी ही या बाबतीत मोजमापाची साधनेच होत, फक्त त्या खुणांची उंची एका समान पातळीपासून मोजून नकाशावर घ्यावी लागते.

नोंदींवरून पुनरावृत्तीचा काळ काढला जातो, आणि लोकांचा सर्वाधिक गैरसमज याच संकल्पनेबाबत होतो. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे आज आला की पुढची शंभर वर्षे निश्चिंतीची, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढेच त्यातून सांगितले जाते. ही शक्यता दरवर्षी नव्याने लागू होत असल्यामुळे, तीस वर्षे फेडायच्या कर्जावर घर घेतलेल्या कुटुंबाला त्या मुदतीत असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराबाबत तर पंचवीस वर्षांतली हीच शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग आखतो त्या निळ्या आणि लाल पूररेषा याच संकल्पनेवर उभ्या आहेत : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन रेषांमध्ये ते नियंत्रित, असे तत्त्व आहे. हा सगळा हिशेब मागील पाऊसमानावर बेतलेला असतो, आणि पावसाची तीव्रता वाढत असताना जुनी रेषा आजच्या पुराला पुरेलच असे नाही, म्हणून रेषांची फेरतपासणी अटळ ठरते.

महाडच्या पुराला केवळ पाऊस कारणीभूत नसतो. काळ आणि गांधारी या उपनद्या महाड परिसरातच सावित्रीला मिळतात, त्यामुळे तीन खोऱ्यांचे पाणी एका ठिकाणी जमा होते. खाली भरतीचे पाणी खाडीतून आत शिरत असते. आणि पात्रात साचलेल्या गाळामुळे पाणी वाहून जाण्याची जागा आक्रसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत, जेव्हा मुंबईलगतच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी साडेचार मीटरांच्या वर जाते, नेमका तेव्हाच घाटावर मोठा पाऊस झाला तर नदीला मुखाशी वाट मिळत नाही. म्हणून महाडसाठी नुसत्या पावसाच्या शक्यतेपेक्षा पाऊस आणि भरती एकाच वेळी येण्याची शक्यता काढणे आवश्यक असते, आणि सुदैवाने भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी ठाऊक असते.

दरडी : यादीबाहेरची वाडी

पुरापेक्षा दरडीचे मूल्यमापन कितीतरी अवघड आहे, कारण पूर त्याच काठावर पुन्हा पुन्हा येतो, तर दरड बहुधा त्या जागी पहिल्यांदाच कोसळते. सह्याद्री बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या एकावर एक थरांनी बनला आहे. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लाल, भुसभुशीत मातीचा पट्टा असतो, आणि वरच्या उतारांवर झिजलेल्या खडकाचे व मातीचे जाड आवरण साचलेले असते. दीर्घकाळच्या पावसाने हे आवरण पाण्याने पूर्ण भरले, की मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढून त्यांची परस्परांवरील पकड सुटते आणि संपूर्ण उतार चिखलाच्या लोंढ्यासारखा खाली येतो. पायथ्याशी घरासाठी किंवा रस्त्यासाठी उतार कापणे, वरच्या बाजूचा नैसर्गिक ओहोळ बुजवणे आणि खोल मुळांची झाडे तोडणे यांमुळे आधीच नाजूक असलेला तोल आणखी बिघडतो.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर एकाच पावसात दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली; शेजारच्या पोलादपूर तालुक्यातही त्याच सुमारास केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे जीवितहानी झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागल्यानंतर शोधकार्य थांबवावे लागले आणि आणखी पन्नासहून अधिक माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी संभाव्य दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने विधिमंडळात सांगितले, आणि जोखीम-मूल्यमापनाच्या दृष्टीने त्या घटनेतील सर्वांत गंभीर बाब हीच आहे.

वाडी यादीत का नव्हती, याचे एक उत्तर प्रमाणाच्या, म्हणजे नकाशाच्या बारकाईच्या, प्रश्नात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरातील डोंगराळ भागांसाठी दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर तयार केले. या प्रमाणावर नकाशातील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी तेथे एका ठिपक्यात मावते. कोणत्या पट्ट्यात लक्ष घालावे हे असा नकाशा उत्तम सांगतो, पण वाडीच्या वरचा नेमका कोणता उतार सुटू शकतो हे सांगण्याची त्याची क्षमता नसते. शिवाय यादी महसुली गावानुसार केली जाते, आणि कोकणात एका गावाच्या वाड्या एकमेकींपासून दूर, वेगवेगळ्या उतारांवर वसलेल्या असतात, त्यामुळे गाव सुरक्षित आणि वाडी धोक्यात, अशी स्थिती सहज संभवते.

दुसरे उत्तर शक्यतेच्या गणितात आहे. समजा, एखाद्या जिल्ह्यात शंभर उतार असे आहेत, की त्यांपैकी प्रत्येक उतार कोसळण्याची वार्षिक शक्यता दोनशेत एक आहे. अशा एका उताराखाली साठ वर्षे राहिलेल्या माणसाला दरड एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के असते. आपल्या हयातीत असे कधी झाले नाही, हे त्याचे म्हणणे पूर्णपणे खरे असते. जिल्ह्याच्या बाजूने पाहिले, तर मात्र त्या शंभरांपैकी निदान एक उतार एका वर्षात कोसळण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के येते आणि दहा वर्षांत ती ९९ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात हे उतार परस्परांपासून स्वतंत्र नसतात. एकच पाऊस अनेक उतारांवर पडत असल्याने काही वर्षे कोरडी जातात आणि २००५ किंवा २०२१ सारख्या वर्षी अनेक दरडी एकदम येतात, हे रायगडने पाहिलेलेच आहे. तरीही हिशेबाचा मथितार्थ कायम राहतो : वाडीचा अनुभव आणि जिल्ह्याचा अनुभव हे दोन्ही आपापल्या जागी खरे असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि वाडीवर पूर्वी दरड आली नाही म्हणून तिला सुरक्षित मानणे ही मूल्यमापनातील सर्वांत महाग पडणारी चूक ठरते. दरडीसाठी घटनांच्या इतिहासापेक्षा उताराची तीव्रता, मातीच्या आवरणाची जाडी, ओहोळांची दिशा आणि घरांची जागा यांचे परीक्षण अधिक विश्वासार्ह ठरते ते यामुळेच.

वादळ आणि समुद्र

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. भारतीय हवामानशास्त्र विभागाने आधीपासून इशारे दिले होते आणि करोनाची साथ चालू असतानाही किनाऱ्यावरील लोकांना हलवण्यात आल्यामुळे जीवितहानी तुलनेने फार कमी झाली. क्षमता वाढल्याने जोखीम कशी घटते, याचे हे चांगले उदाहरण होय. मालमत्तेची आणि उपजीविकेची हानी मात्र जबर होती. श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. हानीची मोजदाद करताना पोफळीचे झाड आणि भाताचे पीक एकाच मापाने मोजता येत नाही, कारण भात पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते, तर पोफळ पुन्हा लावून फळावर येण्यास सहा-सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. काही गुंठ्यांत नारळ, पोफळ आणि मसाल्याची झाडे एकत्र लावणाऱ्या बागायतदाराचे नुकसान क्षेत्रफळाच्या हिशेबात अगदी किरकोळ भासते, पण त्याच्यापुरते ते कित्येक वर्षांचे उत्पन्न असते. म्हणून हानीच्या आकड्याजवळ सावरण्यास लागणारा काळ हा दुसरा आकडा लिहिला गेला पाहिजे.

पेण, अलिबाग आणि उरण या तालुक्यांत खाडीलगतची खारजमीन मातीच्या बांधांनी राखलेली आहे. उधाणात बांधाला खांड पडली, म्हणजे तो एका जागी फुटला, की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन पुढील काही हंगाम नापीक होते. यात कोणी दगावत नाही, वृत्तपत्रांत मोठी बातमी येत नाही, आणि म्हणून आपत्तींच्या यादीत या हानीला बहुधा स्थान मिळत नाही. परंतु वारंवार होणाऱ्या अशा लहान हानींची दहा वर्षांची बेरीज एखाद्या मोठ्या आपत्तीच्या तोडीची होऊ शकते. समुद्राची पातळी वाढत असताना या बांधांची उंची आणि दुरुस्ती हा जिल्ह्याच्या जोखमीचा महत्त्वाचा भाग ठरणार आहे.

क्वचित येणारी आणि न मोजलेली संकटे

ज्या संकटाचा ताजा अनुभव नाही त्याला शून्य मानण्याची वृत्ती किती घातक असते, हे महाराष्ट्राने किल्लारीत पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या जड घरांखाली गाडली गेली, आणि तो परिसर तत्कालीन भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारताना ते पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले. रायगडच्या आग्नेयेस सातारा जिल्ह्यात कोयना आहे, जेथे ११ डिसेंबर १९६७ रोजी सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. महाड आणि पोलादपूर हे तालुके त्या परिसरापासून फार दूर नाहीत, म्हणून भूकंप हे या जिल्ह्यासाठी क्वचित परंतु नाकारता न येणारे संकट ठरते, विशेषतः जुन्या शाळा, रुग्णालये आणि पूल यांच्या बाबतीत. उष्णतेचेही तसेच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यातील खारघर येथे भर उन्हात झालेल्या सार्वजनिक कार्यक्रमानंतर डझनाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. किनाऱ्यावर पारा विदर्भाइतका चढत नसला, तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, ही बाब केवळ तापमानाच्या आकड्यांवरून ध्यानात येत नाही.

तळोजा, पाताळगंगा, रोहा आणि महाड येथील औद्योगिक वसाहतींमुळे आणखी एक पदर वाढतो. नैसर्गिक संकटाने औद्योगिक अपघात घडवणे या प्रकाराला शास्त्रात नॅटेक असे नाव आहे; रासायनिक कारखान्यात पुराचे पाणी शिरणे किंवा वादळात वीज जाऊन शीतकरण बंद पडणे ही त्याची संभाव्य रूपे होत. असा अपघात पूर आणि कारखाना यांचे मूल्यमापन दोन वेगळ्या कार्यालयांत, दोन वेगळ्या कागदांवर केले तर कोणाच्याच नजरेस येत नाही.

असुरक्षितता कोण मोजणार?

धोक्याचे नकाशे भूवैज्ञानिक आणि जलशास्त्रज्ञ काढू शकतात, पण असुरक्षिततेची मोजणी घरोघर जाऊनच करावी लागते. दक्षिण रायगडातील अनेक गावांतील कर्ती माणसे मुंबईत नोकरीला असतात आणि पावसाळ्यात घरी वृद्धच अधिक असतात. तेथे रात्री अचानक घर सोडण्याची सूचना देणे पुरेसे नसते, वृद्धांना उचलून नेणारे हात आधी निश्चित करावे लागतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणून उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत त्यांची घरे बंद आढळतात आणि जोखीम जुलैत असते तेव्हा मात्र ती भरलेली असतात. शिवाय घराखालची जागा अनेकदा त्यांच्या नावावर नसल्यामुळे पुनर्वसनाच्या हक्कातही अडचण येते. इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे अवजड यंत्रे तेथे नेता आली नाहीत आणि बचाव पथकांना डोंगर चढून जाऊन हातांनी माती उपसावी लागली. तळियेच्या वेळी महाड परिसरच पुराने वेढला गेल्याने बाहेरची मदत तेथे लवकर पोहोचू शकली नाही. यातून संयुक्त जोखीम म्हणजे काय ते स्पष्ट होते : पूर आणि दरड ही कागदावर दोन संकटे असली, तरी त्यांचे कारण एकच पाऊस असतो, आणि पहिले संकट दुसऱ्याच्या मदतीचा रस्ता अडवते.

हे सारे घटक एकत्र आणण्यासाठी साधारणपणे कोष्टक वापरतात, ज्यात शक्यतेला एक ते पाच आणि परिणामाला एक ते पाच असे गुण देऊन त्यांचा गुणाकार केला जातो. ही रीत सोपी असल्याने उपयोगी आहे, परंतु तिचा आंधळा वापर दिशाभूल करतो. दहा वर्षांतून एकदा येऊन १ कोटींची हानी करणारे संकट आणि शंभर वर्षांतून एकदा येऊन १० कोटींची हानी करणारे संकट, या दोहोंची वार्षिक सरासरी १० लाखच येते; पहिले जिल्हा स्वतःच्या निधीतून सोसू शकतो, दुसऱ्यासाठी राज्याचा आधार लागतो, आणि दोहोंवरचे उपायही वेगळे असतात. सबंध वाडी नाहीशी होण्याच्या हानीला तर रुपयांत बसवून सरासरी काढणेच अयोग्य आहे. गुणांच्या बेरजेने जिल्ह्याचा एकच आकडा काढण्यापेक्षा प्रत्येक वाडीसमोर कोणते संकट, किती माणसे, कोणता रस्ता आणि कोणता निर्णय, हे चार रकाने भरणे अधिक उपयोगाचे असते.

मूल्यमापनातून निर्णयाकडे

आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात, जिल्ह्याच्या आराखड्यात आपत्तीप्रवण भाग नमूद करणे बंधनकारक आहे आणि आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. हा आढावा दूरध्वनी क्रमांक बदलण्यापुरता राहिला तर कायद्याचा हेतू साधत नाही. नवा रस्ता कापला गेला, डोंगरावर बांधकाम झाले, पात्रात भराव पडला किंवा एखादी वस्ती वाढली, की जोखीम त्याच वर्षी बदलते, आणि या बदलांची पहिली माहिती ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलाला आणि गुराख्याला असते. जमिनीला पडलेली नवी भेग, एकाच दिशेला कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला किंवा नव्या जागी फुटलेला झरा, घराच्या जोत्याला गेलेले तडे ही उतार हलू लागल्याची लक्षणे ओळखायला महागडी साधने लागत नाहीत. वाडीवर एक साधे पर्जन्यमापक, पावसाची ठरवून दिलेली मर्यादा, ती ओलांडताच स्थलांतराचा निर्णय घेण्याचा गावालाच दिलेला अधिकार आणि आधीच नक्की केलेली निवाऱ्याची जागा, एवढ्या चार गोष्टींनी अनेक जीव वाचू शकतात. आपदा मित्र योजनेत प्रशिक्षण घेतलेले तरुण या कामाचा कणा होऊ शकतात.

पावसाळ्यापुरते स्थलांतर हा तात्पुरता उपाय असतो, कायमचे पुनर्वसन हा खरा उपाय असतो, आणि तो सर्वांत कठीण असतो, कारण वाडी हलवणे म्हणजे शेत, रान, देवस्थान आणि गुरे यांच्यापासून माणूस तोडणे. त्यामुळे धोक्याचा निष्कर्ष सांगताना त्यामागची कारणे, अनिश्चितता आणि पर्याय हे सर्व लोकांसमोर त्यांच्या भाषेत मांडावे लागते. शासनाने यादीत नाव घातले म्हणून कोणी घर सोडत नाही, स्वतःच्या डोंगराचा हिशेब स्वतः पटला तरच सोडतो. रायगडचा दोन दशकांचा अनुभव हेच शिकवतो, की यादीत नसलेली वाडी म्हणजे न तपासलेली वाडी असे समजून कामाला लागले पाहिजे. जिल्ह्याच्या मूल्यमापनाची किंमत त्याच्या पानांच्या संख्येवरून ठरत नाही. ते वाचून पुढच्या जूनपूर्वी किती घरांची जागा बदलली, किती बांध उंचावले, किती पूल तपासले गेले आणि किती वाड्यांना कधी बाहेर पडायचे हे ठाऊक झाले, यांवरून ती ठरते, आणि हा हिशेब दरवर्षी जाहीरपणे मांडण्याची मागणी करणे हा डोंगराखाली आणि खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.